सिलिंडर नंबरासाठी कॉन्टॅक्ट लेन्स निवडताना

नागपूरच्या सीताबर्डीत व्हरायटी चौकाकडून मेन रोडवर वळले, की कापड, पादत्राणे आणि साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत चष्म्याची दुकानेही नजरेस पडतात. इतवारीतील सराफ असो, गांधीबागेतील कापडाचा व्यापारी असो की कळमन्याच्या बाजारातील अडत्या, घरात कोणाला चष्मा लागला की पावले बर्डीकडे वळावीत, ही अनेक कुटुंबांची जुनी सवय आहे. अलीकडे याच दुकानांत चष्म्याइतकीच चौकशी कॉन्टॅक्ट लेन्सची होते. आणि लग्नसराईच्या तोंडावर ती विशेष वाढते.

लग्न ठरलेली मुलगी आईबरोबर दुकानात येते. मंडपात चष्मा नको, एवढीच तिची इच्छा असते. नंबराचे कार्ड पाहून दुकानदार सांगतो, "ताईंना सिलिंडर आहे. साधी लेन्स चालायची नाही, टोरिक घ्यावी लागेल." टोरिकचा भाव ऐकून आई विचारते, "भाऊ, साध्यावर नाही का भागणार?" "भागेल, थोडे अंधूक दिसेल," असे उत्तर येते. व्यवहार दोन मिनिटांत आटोपतो, आणि पुढे वर्षानुवर्षे डोळ्यावर बसणाऱ्या वस्तूची निवड केवळ भावावर होऊन जाते.

ज्यांना सिलिंडर नंबर आहे, त्यांच्या बाबतीत ही घाई अधिक महागात पडते. साध्या नंबराची लेन्स डोळ्यावर कशीही फिरली तरी नजरेत फरक पडत नाही. सिलिंडरची लेन्स मात्र विशिष्ट दिशेनेच बसावी लागते आणि तेथेच स्थिर राहावी लागते. ती तशी राहते की नाही, हे कार्डावरून कळत नाही, डब्यावरील छापील मजकुरावरून कळत नाही आणि किमतीवरूनही कळत नाही. लेन्स प्रत्यक्ष डोळ्यावर घालून तपासल्यावरच ते कळते. या लेखाचे सार एवढेच आहे. पुढील विवेचन त्याची कारणे सांगण्यासाठी.

सिलिंडर म्हणजे काय

डोळ्याच्या पुढच्या बाजूस काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. तो चेंडूसारखा सर्व दिशांनी सारखा गोल असेल, तर समोरच्या बिंदूपासून निघालेले किरण डोळ्यात पुन्हा एका बिंदूत एकत्र येतात. परंतु अनेकांचे पारपटल आडव्या धरलेल्या नारळासारखे असते. एका दिशेने त्याचा बाक अधिक, तर दुसऱ्या दिशेने कमी. त्यामुळे किरण एका बिंदूत न मिळता पुढेमागे विखुरतात. अक्षरांना सावली येते, रात्री दिव्यांच्या रेघा पसरतात, ३ आणि ८ यांत गल्लत होते. यालाच अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. दुकानातील बोलीत 'सिलिंडर नंबर'.

कार्डावर एका डोळ्यासाठी तीन आकडे लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, −२.०० / −१.२५ × १८०. पहिला आकडा नेहमीचा नंबर, दुसरा सिलिंडर, आणि तिसरा अक्ष, म्हणजे सिलिंडर कोणत्या दिशेने बसवायचा त्याचा कोन. अक्ष १ ते १८० अंशांत लिहिला जातो. १८० म्हणजे आडवा, ९० म्हणजे उभा. चष्म्यात हा कोन फ्रेमच सांभाळते. काच एकदा योग्य कोनात बसवली की ती हलत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सला अशी फ्रेम नसते. ती अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते, आणि पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर हलते. सिलिंडरच्या लेन्सची सारी अडचण येथून सुरू होते.

शोधाचा इतिहास

या दोषाचा शोध लावणाऱ्यांना तो स्वतःच्याच डोळ्यात सापडला, ही विज्ञानाच्या इतिहासातील मोठी मनोरंजक गोष्ट आहे. इंग्लंडमधील थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील अशा दोषाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष पारपटलात आहे की त्यामागील नैसर्गिक भिंगात, हे ठरविण्यासाठी त्यांनी डोळ्यापुढे पाणी धरून पारपटलाची शक्ती जवळजवळ रद्द केली. तरीही दोष कायम राहिला. अर्थात त्यांच्या बाबतीत तो आतल्या भिंगात होता. पुढे १८२५ मध्ये जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या डाव्या डोळ्यासाठी दंडगोल घाटाची काच घडवून घेतली. दंडगोल म्हणजे सिलिंडर. कार्डावरचा शब्द येथूनच आला.

डोळ्यावर बसणारी काचेची लेन्स १८८८ च्या सुमारास आली. ती जड होती आणि फार वेळ सोसवत नसे. मऊ लेन्सचा मार्ग प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी खुला केला. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच एक यंत्र उभे केले आणि त्यावर फिरत्या साच्यात मऊ लेन्स ओतल्या. आज बर्डीच्या दुकानातील बहुतेक लेन्स या मऊ घराण्यातील आहेत. यंग यांच्या प्रयोगाचा धडा मात्र अजून तितकाच उपयोगी आहे. सिलिंडर पारपटलात आहे की आतल्या भिंगात, या प्रश्नाच्या उत्तरावर आजही लेन्सचा प्रकार ठरतो.

तीन मुख्य मार्ग

पहिला मार्ग साध्या मऊ लेन्सचा. सिलिंडर ०.५० इतका किरकोळ असेल आणि मूळ नंबर त्याच्या चौपटीहून अधिक असेल, तर सिलिंडरचा निम्मा आकडा मूळ नंबरात मिळवून साधी लेन्स देण्याची पद्धत आहे. −३.०० / −०.५० असा नंबर असल्यास −३.२५ ची साधी लेन्स बहुधा समाधानकारक ठरते. परंतु −१.०० / −१.५० अशा नंबराला हाच न्याय लावून −१.७५ ची साधी लेन्स दिली, तर कोणत्याही अंतरावर अक्षरे धारदार दिसणार नाहीत. "थोडे अंधूक" या शब्दांत हाच हिशेब दडलेला असतो. ग्राहकाला तो स्पष्ट सांगून, त्याची संमती घेऊनच अशी लेन्स द्यावी, हे व्यापाराच्या सचोटीला धरून आहे. साधारणपणे सिलिंडर ०.७५ किंवा त्याहून अधिक असल्यास टोरिकचा विचार करावा.

दुसरा मार्ग मऊ टोरिक लेन्सचा. सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबकडे पाहिले तर तिचा बाक लांबीच्या दिशेने वेगळा आणि आडव्या दिशेने वेगळा दिसतो. अशा घाटाला भूमितीत टोरस म्हणतात. टोरिक हे नाव त्यावरून पडले. मऊ लेन्स पातळ असल्याने पारपटलाचाच आकार धारण करते आणि पारपटलातील वाकडेपण तिच्यातून जसेच्या तसे उमटते. म्हणून मऊ लेन्समध्येच दोन दिशांना दोन शक्ती घालाव्या लागतात. सिलिंडर पारपटलात असो वा आतल्या भिंगात, टोरिक लेन्स दोन्हींवर चालते. रोज टाकून द्यायच्या प्रकारात सामान्यतः ०.७५, १.२५, १.७५ आणि २.२५ असे सिलिंडर मिळतात व अक्ष बहुधा दहा-दहा अंशांच्या टप्प्याने असतात. नंबर याबाहेर असेल, तर मापाने बनवून घेतलेली लेन्स मागवावी लागते. जवळचा टप्पा धरून 'चालवून घेणे' सिलिंडर मोठा असताना सोयीचे ठरत नाही.

तिसरा मार्ग कडक लेन्सचा. हिला दुकानात आरजीपी किंवा 'सेमी-सॉफ्ट' म्हणतात. ती आकाराने लहान असते, प्राणवायू आरपार जाऊ देते आणि डोळ्यावर बसूनही आपला गोल घाट सोडत नाही. तिच्या व पारपटलाच्या मधल्या पोकळीत अश्रू भरतात आणि तो अश्रूंचाच थर पारपटलाचा वाकडेपणा भरून काढतो. त्यामुळे लेन्स साधी गोल असूनही नजर अत्यंत धारदार मिळते, आणि ती डोळ्यावर फिरली तरी बिघडत नाही. मात्र हा लाभ सिलिंडर पारपटलात असेल तरच. थॉमस यंग यांच्याप्रमाणे दोष आतल्या भिंगात असेल, तर साधी कडक लेन्स लावूनही तो तसाच राहील.

म्हणूनच लेन्स ठरविण्यापूर्वी केराटोमीटर नावाच्या यंत्राने पारपटलाचा बाक मोजणे आवश्यक आहे. पारपटलावरील सिलिंडर आणि कार्डावरील सिलिंडर जवळपास सारखे असतील, तर कडक लेन्सचा मार्ग मोकळा आहे. कार्डावर सिलिंडर १.५० आणि पारपटल मात्र जवळजवळ गोल असेल, तर मऊ टोरिकच योग्य. याउलट पारपटल वाकडे, पण कार्डावर सिलिंडर नगण्य, असेही डोळे असतात. तेथे आतल्या भिंगाने बाहेरचा दोष परस्पर फेडलेला असतो. अशा डोळ्यावर कडक लेन्स घातली तर नसलेला सिलिंडर उभा राहतो आणि साधी मऊ लेन्सच उत्तम चालते. ही तपासणी फार तर पाच मिनिटांची आहे. परंतु ती न करता झालेली निवड अंदाजाची असते.

कडक लेन्सची सवय होण्यास दोन-तीन आठवडे लागतात आणि धुळीचा कण तिच्याखाली गेला की डोळा तात्काळ टोचतो. दुचाकीवरून रोज शहर पालथे घालणाऱ्याला हे त्रासाचे होऊ शकते. पारपटलाचा सिलिंडर अडीचहून बराच अधिक असल्यास साधी गोल कडक लेन्स डोळ्यावर डुलते. तेव्हा कडक लेन्सही आतून टोरिक घाटाची घ्यावी लागते.

अक्षाचे गणित

मऊ टोरिक लेन्स डोळ्यावर फिरू नये यासाठी तिच्या रचनेत योजना केलेली असते. काही लेन्सची खालची बाजू किंचित जाड असते. काहींच्या वरच्या व खालच्या कडा पातळ ठेवलेल्या असतात, म्हणजे पापण्यांच्या दाबाने त्या आपोआप सरळ होतात. म्हणून घालताना ती कोणत्या बाजूने धरली याची वापरणाऱ्याने चिंता करू नये. काही क्षणांत ती आपली जागा घेते. प्रत्येकाच्या पापण्यांची ठेवण, ताण आणि उघडझाप मात्र वेगळी असते. म्हणून एका डोळ्यावर सुरेख बसणारी लेन्स दुसऱ्याच्या डोळ्यावर दहा अंश तिरपी बसू शकते.

या दहा अंशांचे मोल किती? लेन्स ५ अंश फिरली, तर सिलिंडरचा सुमारे सहावा हिस्सा दुरुस्त न होता शिल्लक राहतो. १० अंश फिरली तर सुमारे तिसरा हिस्सा. ३० अंश फिरली तर मूळ सिलिंडरइतकाच दोष नव्या दिशेने उभा राहतो, म्हणजे टोरिक घेऊन सिलिंडरपुरता काहीच लाभ होत नाही. सिलिंडर ०.७५ असेल तर दहा अंशांची चूक पाव नंबराची, तीही बहुधा सोसवते. सिलिंडर २.२५ असेल तर तीच चूक पाऊण नंबराची होते. सिलिंडर जितका मोठा, तितकी अक्षाची अचूकता महत्त्वाची.

यासाठीच चाचणीची लेन्स डोळ्यावर घालून दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. टोरिक लेन्सवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. काहींवर तळाशी, काहींवर दोन्ही बाजूंना. तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शक यंत्रातून त्या खुणा पाहतो. पापण्या मिटायला सांगतो, डावीकडे-उजवीकडे पाहायला सांगतो. लेन्स फिरून दरवेळी एकाच तिरप्या जागी थांबत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तेवढ्या अंशांचा फरक धरून दुसऱ्या अक्षाची लेन्स मागविली जाते. परंतु ती दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर ती रचना त्या डोळ्यासाठी नाही. तेथे अक्ष बदलून उपयोग नसतो, दुसऱ्या रचनेची लेन्स पाहावी लागते.

"तेच आहे, फक्त कंपनी वेगळी," असे सांगून दिलेली बदली लेन्स न स्वीकारण्याचे कारणही यातच आहे. दोन कंपन्यांच्या लेन्सवर तिन्ही आकडे सारखे छापलेले असले, तरी त्या स्थिर ठेवण्याची योजना निराळी असते. कंपनी बदलली की चाचणी नव्याने झाली पाहिजे. घरबसल्या मोबाईलवरून मागविलेल्या लेन्सला हाच नियम लागू होतो.

चष्म्याचा नंबर लेन्सला तसाच लागत नाही

चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असते. लेन्स डोळ्याला टेकून असते. नंबर चारच्या पुढे गेला की या अंतराचा परिणाम मोजावा लागतो. चष्म्याचा −६.०० हा नंबर लेन्समध्ये सुमारे −५.६० होतो. सिलिंडर असताना हिशेब दोन्ही दिशांनी स्वतंत्र करावा लागतो. समजा, चष्म्याचा नंबर −५.०० / −२.०० × १८० आहे. एका दिशेने शक्ती −५.०० आणि दुसऱ्या दिशेने −७.००. डोळ्यावर टेकवल्यावर त्या अनुक्रमे सुमारे −४.७२ आणि −६.४६ होतात. म्हणजे मागवायची लेन्स −४.७५ / −१.७५ × १८० या मापाची. चष्म्यात दोनचा असलेला सिलिंडर लेन्समध्ये पावणेदोनचा झाला, यात कोणाची चूक नाही. चष्म्याचे कार्ड पाहून जसेच्या तसे आकडे लेन्सच्या मागणीत उतरवले जात असतील, तर ग्राहकाने हा प्रश्न अवश्य विचारावा.

चाळिशीनंतर आणखी एक पेच येतो. वहीतील आकडे वाचण्यासाठी जवळचा नंबर लागतो. सिलिंडर आणि जवळचा नंबर दोन्ही सांभाळणाऱ्या लेन्स मिळतात, परंतु त्यांची मापे मर्यादित आहेत आणि सर्वांना त्या रुचत नाहीत. अनेकांसाठी दूरची टोरिक लेन्स आणि हिशेब लिहिताना वर वाचनाचा साधा चष्मा, हा सरळ उपाय अधिक सुखाचा ठरतो.

रोजची की महिन्याची?

व्यापारी कुटुंबाला हिशेबाची भाषा जवळची आहे. रोज टाकून द्यायच्या लेन्स वर्षभर दररोज वापरल्या, तर ७३० लेन्स लागतात. तीस लेन्सच्या सुमारे पंचवीस पेट्या. परंतु आठवड्यातून दोनच दिवस, लग्नकार्याला किंवा खेळाला लेन्स वापरायची असेल, तर वर्षाला सुमारे २०८ लेन्स, म्हणजे सात पेट्या पुरतात. शिवाय द्रावण लागत नाही, डबी लागत नाही, आणि दररोज नवी लेन्स असल्याने जंतुसंसर्गाला वाव कमी राहतो. महिन्याच्या लेन्स वर्षाला चोवीस लागतात; त्यात द्रावण आणि डबीचा खर्च मिळवावा लागतो. पाकीट उघडल्यापासून महिना मोजायचा, वापरलेले दिवस मोजायचे नाहीत. कधीमधी वापरणाऱ्याला महिन्याची लेन्स स्वस्त वाटते, परंतु प्रत्यक्षात ती न वापरताच बाद होते. कडक लेन्स सुरुवातीला महाग वाटते, तरी नीट जपली तर ती वर्षाहून अधिक टिकते आणि रोजच्या वापराला परवडते.

दुकान सकाळी दहाला उघडून रात्री नऊला बंद होत असेल, तर लेन्स डोळ्यावर अकरा तास राहणार. अशा दीर्घ वापरासाठी प्राणवायू अधिक प्रमाणात आरपार जाऊ देणारी सिलिकॉन हायड्रोजेलची लेन्स विचारून घ्यावी. तरीही घरी परतल्यावर लेन्स काढून चष्मा लावण्याची शिस्त ठेवावी. लेन्स घेतली म्हणून चष्मा मोडीत काढू नये. चालू नंबराचा चष्मा जवळ नसलेला माणूस डोळा लाल झाला तरी लेन्स काढीत नाही, आणि अपाय तेथेच होतो.

नागपूरचे हवामान आणि आपला व्यवसाय

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. कोरड्या झळा आणि कूलरचा सरळ झोत यांनी लेन्सवरील ओलावा उडतो. ओलावा कमी झाला की पापणी लेन्सला ओढते, टोरिक जागेवरून सरकते, आणि उघडझापीगणिक अक्षरे स्पष्ट-अस्पष्ट होऊ लागतात. उन्हाळ्यात अचानक नजर डळमळू लागल्यास नंबर वाढला असे समजण्यापूर्वी कोरडेपणाचा विचार करावा. गादीवर बसताना कूलर तोंडावर येणार नाही अशी जागा घ्यावी, दुचाकीवर डोळे झाकणारा गॉगल लावावा, आणि लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब तज्ज्ञांना विचारून जवळ ठेवावेत. लेन्सच्या पेट्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत.

मिरचीच्या आडतीत बसणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. मिरचीची भुकटी बोटांना चिकटते, एकदा हात धुवून ती पूर्ण जात नाही, आणि मऊ लेन्स ती शोषून डोळ्याला धरून ठेवते. बाजारात जायच्या दिवशी चष्माच बरा. दागिने उजळण्याची रसायने, कापडाची खळ, पूजेतील केशर-चंदन, यांचेही तसेच. लेन्सला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवून कोरडे करणे, हा नियम कोणत्याही दिवशी शिथिल होत नाही. नववधूने आधी लेन्स घालावी, मग काजळ व प्रसाधन करावे. आणि लेन्सचा सराव लग्नाच्या निदान महिनाभर आधी सुरू करावा.

उकळलेले पाणीही नको

जैन घरांत पाणी गाळून, उकळून घेण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जाते. त्यामुळे द्रावण संपले की "आपले पाणी तर उकळलेले आहे" म्हणून लेन्स त्यातच बुडवून ठेवण्याचा मोह होऊ शकतो. हा मोह टाळला पाहिजे. पिण्यासाठी निर्मळ असलेले पाणी लेन्ससाठी योग्य ठरत नाही. उकळून थंड झालेले आणि भांड्यात राहिलेले पाणी निर्जंतुक राहत नाही. शिवाय त्यात अश्रूंइतका क्षार नसल्याने मऊ लेन्स त्यात फुगते आणि पारपटलाला घट्ट चिकटते. नळाच्या व टाकीच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सबरोबर तो डोळ्यात गेला, तर पारपटलावर होणारी जखम महिनोन्‌महिने उपचार करूनही नजर कायमची अधू करू शकते. म्हणून लेन्स घालून अंघोळ नको, पोहणे नको, आणि झोपही नको.

डबीतील कालच्या द्रावणात आजचे थोडे ओतणे ही खोटी काटकसर आहे. द्रावण दररोज नवे घ्यावे, डबी रिकामी करून द्रावणानेच धुवावी, उपडी ठेवून वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड न सोसणे किंवा पाणी येणे, यांपैकी काहीही झाले की लेन्स काढावी आणि त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग आतल्या आत बळावतो.

सिलिंडर वारंवार वाढत असेल तर

काही वेळा वाढता सिलिंडर निराळ्याच आजाराची सूचना देतो. किशोरवयात मुलाचा सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढत असेल, अक्ष बदलत असेल, चष्मा नवा असूनही अक्षरांना सावली दिसत असेल आणि डोळे चोळण्याची सवय असेल, तर केराटोकोनसची शंका घ्यावी. या आजारात पारपटल पातळ होत जाऊन शंकूसारखे पुढे येते.

हा आजार आपल्यापासून दूरचा नाही. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या ग्रामीण परिसरातील गावांत, तीस वर्षांवरील ४,७११ लोकांच्या डोळ्यांची तपासणी करण्यात आली. 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीत नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचा पुढाकार होता. सामान्य पारपटलाची शक्ती ४३-४४ डायऑप्टरच्या आसपास असते. ती ४८ वा त्याहून अधिक असणे, ही केराटोकोनसची कसोटी धरली असता त्याचे प्रमाण २.३ टक्के आढळले. शंभर माणसांत दोनांहून अधिक, हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अशा डोळ्याला मऊ टोरिक पुरेशी नजर देऊ शकत नाही. तेथे कडक लेन्स, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स उपयोगी पडते. मात्र लेन्सने नजर सुधारते, आजार थांबत नाही. तो थांबविण्यासाठी पारपटल बळकट करणारा क्रॉस-लिंकिंग हा उपचार आहे. तो वेळेवर झाला तर पुढील हानी टळते. म्हणून वाढत्या सिलिंडरच्या मुलाला दुकानात नुसता नवा नंबर काढून देण्याऐवजी नेत्ररोगतज्ज्ञांकडून पारपटलाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, काढून घ्यावी. नंबर घालविण्याच्या लेसर शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनीही ही तपासणी आधी करावी; केराटोकोनस असताना ती शस्त्रक्रिया पारपटल आणखी दुबळे करते.

दुकानातून उठण्यापूर्वी

लेन्सचे पैसे देण्यापूर्वी कुटुंबातील जाणत्या माणसाने पाच गोष्टींची खात्री करावी. पारपटलाचा बाक मोजला का? चाचणीची लेन्स घालून पंधरा मिनिटांनी खुणा पाहिल्या का? दोन्ही डोळ्यांनी स्वतंत्रपणे, आणि पापणी मिटल्या-उघडल्यावरही, अक्षरे स्थिर दिसली का? लेन्स घालणे-काढणे ग्राहकाकडून स्वतःच्या हाताने करवून घेतले का? आणि लेन्सचे नाव, बाक, व्यास, नंबर, सिलिंडर व अक्ष लिहिलेले स्वतंत्र कार्ड दिले का? हे कार्ड घरी सोन्याच्या पावतीसारखे जपावे, कारण पुढची प्रत्येक खरेदी त्यावरूनच व्हायची आहे. आठवड्याने पुन्हा तपासणीला बोलावणारा दुकानदार ग्राहकाचा वेळ घेत नाही, त्याच्या डोळ्याची जबाबदारी घेतो.

चोख माल ओळखण्याची पारख व्यापारी घरांत लहानपणापासून शिकविली जाते. कापडाचा पोत बोटांनी पाहिल्याशिवाय आणि सोने कसोटीवर घासल्याशिवाय कोणी घेत नाही. सिलिंडरच्या लेन्सची कसोटी स्वतःच्या डोळ्यावरच लागते, आणि त्यासाठी बर्डीच्या गर्दीतही अर्धा तास थांबावे लागते. तेवढा अर्धा तास देणाऱ्याला पुढे आकडा वाचताना डोळे बारीक करावे लागत नाहीत.